अंगणवाडीच्या वयाच्या लेकरांना ख्रिस्ती विश्वास शिकवताना: मराठवाड्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

मंडळीत एक रविवार असा येतो की पाळकसाहेब उपासनेनंतर जवळ येऊन म्हणतात, "ताई, पुढच्या आठवड्यापासून लहान लेकरं तुम्ही घ्या." मोठ्या मुलांच्या शब्बाथ शाळेला, म्हणजे रविवारच्या शाळेला, पुस्तक असतं, प्रश्न असतात, परीक्षा असते. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी बहुतेक खेड्यांतल्या मंडळ्यांकडे एक चटई आणि "सांभाळा तेवढं" यापलीकडे फारसं काही नसतं. जालन्याकडच्या मराठी मंडळीत मी हा वर्ग घेते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला चाचपडावं लागू नये म्हणून हे लिहीत आहे. घरी शिकवणाऱ्या आई-वडिलांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या वयात लेकराला देवाबद्दल जे कळतं ते बहुतेक तुमच्या आवाजातून, चेहऱ्यातून आणि हातातून कळतं. देवाच्या नावाने तुम्ही धाक दाखवला तर देव म्हणजे धाक, हेच त्याच्या मनात बसतं, आणि ते पुढे काढणं फार अवघड जातं.

१. आधी वय ओळखा

तीन वर्षांचं लेकरू आणि पावणेसहा वर्षांचं लेकरू यांत मोठा फरक असतो. दहापेक्षा जास्त मुलं असतील आणि मदतीला कोणी मिळत असेल, तर तीन-चार वर्षांची वेगळी बसवा. जमत नसेल तर मोठ्यांना कामं द्या: चटई अंथरणं, खडू वाटणं, गोष्टीतलं मेंढरू होणं.

या वयातलं लेकरू एका जागी पाच ते सात मिनिटं ऐकतं, गोष्ट रंगली तर दहा. त्यानंतर ते हललं तर तो हट्ट नसतो, वय असतं. दुसरं म्हणजे ते प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरतं. "येशू हृदयात येतो" म्हटलं की चार वर्षांची मुलगी फ्रॉकच्या आत डोकावून बघते. म्हणून "कोकऱ्याच्या रक्ताने धुतले", "जुना मनुष्य मेला" ही भाषा मोठ्यांच्या उपासनेसाठी राहू द्या. लेकरांना सांगायचं ते हात लावता येईल, डोळ्यांनी दिसेल असं सांगा: देवानं पाऊस केला, येशूनं आजारी मुलीचा हात धरला, येशू लेकरांवर रागावला नाही.

२. पाळक आणि पालक यांच्याशी बोलून घ्या

वर्ग सुरू करण्याआधी पाळकांकडून वेळ, जागा आणि मदतनीस या तीन गोष्टी ठरवून घ्या. कॅथलिक धर्मग्रामात असाल तर फादर किंवा धर्मशिक्षणाचं काम बघणाऱ्या सिस्टरांना भेटा. तिकडे क्रुसाची खूण, मरिया मातेची प्रार्थना असा वेगळा क्रम असतो, तो आपल्या मनाने बदलू नये.

एक साधी नोंदवही ठेवा. त्यात लिहायचं ते एवढंच:

- लेकराचं नाव, वय आणि घरी हाक मारतात ते नाव
- आई-वडिलांचा फोन नंबर, आणि घ्यायला कोण येणार
- काही खाल्लं की त्रास होतो का, फिट येते का, दमा आहे का
- आई-वडिलांची सही किंवा अंगठा, की लेकरू वर्गात बसायला त्यांची हरकत नाही
- घर ऊसतोडीला जातं का, कोणत्या महिन्यात

शेवटचा मुद्दा विचित्र वाटेल, पण बीड, धाराशिव, जालन्याकडच्या मंडळ्यांना त्याचं कारण सांगावं लागणार नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

शेजारची, ख्रिस्ती नसलेल्या घरांतली लेकरंही गाण्याच्या आवाजाने दाराशी येतात. त्यांना हाकलू नका, पण आई-वडिलांना भेटून स्पष्ट सांगितल्याशिवाय आणि त्यांनी "बसू द्या" म्हटल्याशिवाय वर्गात घेऊ नका. हा त्यांचा हक्क आहे, आणि गावातल्या विश्वासाचाही प्रश्न आहे. अंगणवाडीची किंवा जिल्हा परिषद शाळेची खोली या कामाला मागू नका. सरकारी पैशावर पूर्ण चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं.

आणखी एक नियम, ज्यात सूट नाही: वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत. लघवीला नेताना दार उघडं ठेवून, दुसऱ्याला सांगून न्या. एकट्या लेकराला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत ठेवायचं नाही, मग ते माणूस कितीही ओळखीचं असो. लेकरांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि तो मंडळीलाही लागू आहे. १०९८ हा लेकरांसाठीच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

३. सामान

विकत आणायचं फार नाही. चटई किंवा सतरंजी, मेणाचे जाड खडू, पाठकोरे कागद, जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, एक घोंगडी, मूठभर काळी माती, कापूस (आपल्याकडे त्याला काय तोटा), पाण्याचा माठ आणि एक पवित्र शास्त्र. पवित्र शास्त्र वर्गात दिसलं पाहिजे. गोष्ट पाठ असली तरी ते उघडून मांडीवर ठेवा, म्हणजे ही गोष्ट कुठून आली ते लेकराला कळतं.

खाऊ देताना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल गोळ्या देऊ नका. एवढ्या लहान लेकराच्या घशात अडकतात. केळ्याचे तुकडे, मऊ लाडू, मुरमुरे बरे. मणी आणि शर्टाची बटणंही वर्गात नकोत, तीन वर्षांचं लेकरू ते नाकात घालतंच.

चित्रं वापरायची असतील तर फार रंगीत परदेशी चित्रांच्या मागे लागू नका. येशू पश्चिम आशियातला, नासरेथच्या सुतारघरात वाढलेला. खडूने काढलेला पायघोळ झग्यातला माणूस पुरतो.

४. अर्ध्या तासाची मांडणी

तासभराचा वर्ग या वयाला झेपत नाही. अर्धा तास धरा, फार तर चाळीस मिनिटं.

पहिली पाच-सात मिनिटं येणाऱ्यांसाठी. प्रत्येकाचं नाव घेऊन "जय ख्रिस्त" म्हणा, त्याच्या उंचीला वाकून. मग हातवारे करत दोन गाणी. मग गोष्ट. गोष्टीनंतर लगेच हाताला काम: चित्र, माती, पुठ्ठा, नाटक. मग एकच वाक्य वचनाचं, प्रार्थना, खाऊ. दर रविवारी हाच क्रम ठेवा. आता पुढे काय होणार हे माहीत असलं की लहान लेकरू रडत नाही.

आवाज चढवायची वेळ आली तर त्याऐवजी कुजबुजत बोला. सगळे गप्प होऊन कान देतात.

५. गोष्ट निवडणं आणि सांगणं

वर्षभरात पन्नास गोष्टी सांगायची घाई नको. बारा-पंधरा गोष्टी पुष्कळ झाल्या; एकच गोष्ट तीन-चार रविवार लागोपाठ सांगितली तरी लेकरं कंटाळत नाहीत, उलट तुमचं चुकलं तर दुरुस्त करतात. गोष्ट घरच्या बोलीत सांगा. पुस्तकातली भाषा वचनापुरती ठेवा.

आपल्या भागाला काही गोष्टी इतक्या जवळच्या आहेत की त्या समजावून सांगाव्या लागतच नाहीत.

हरवलेलं मेंढरू (लूक १५) या गोष्टीने सुरुवात करा, असं मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. धनगराचा कळप, खांद्यावर घेतलेलं कोकरू आपल्या लेकरांनी रस्त्यावर पाहिलेलं असतं. कापसाचे गोळे करून चटईवर ठेवा आणि सगळ्यांनी मिळून मोजा. शंभर नकोत, दहा पुरे. "अशी खूप, खूप, शंभर होती" एवढं म्हणा. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगून एक गोळा घोंगडीखाली लपवा. परत मोजा. "एक कुठं गेलं?" इथे थांबा. घाई करू नका. आमच्या वर्गात एका मुलीने लगेच विचारलं, "ते एकटं कामून गेलं?" दुसऱ्याने सांगितलं, "त्याला गवत दिसलं आसंल." ही उत्तरं त्यांनाच देऊ द्या. मग मेंढपाळ व्हायला एकाला उभं करा, तो झाडामागे, माठामागे, तुमच्या पदरामागे शोधतो, शेवटी घोंगडी उचलतो. सापडल्यावर मेंढपाळ मारत नाही, ओरडत नाही, खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. शास्त्रात तसंच लिहिलं आहे. ही एक गोष्ट नीट पोचली तरी वर्षाचं निम्मं काम झालं.

पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३) मृगाच्या आसपास घ्या, घरोघरी पेरणीच्या गोष्टी चालू असतात तेव्हा. चार पसरट डब्यांत चार प्रकारची जमीन भरा: दाबून घट्ट केलेली पायवाटेची माती, मुरूम, काट्याकुट्यांची आणि काळी. प्रत्येकीत मेथी टाकून पाणी शिंपडा. आठवड्याभरात काळ्या मातीतली मेथी वर आलेली दिसते. पायवाटेवरचे दाणे पाखरांनी खाल्ले, हे दाखवायला चिमण्यांना बोलवावं लागत नाही. त्या दाखल्याचा येशूने सांगितलेला अर्थ, म्हणजे वचन ऐकणाऱ्यांचे चार प्रकार, या वयाला जड आहे. तो नंतर कळेल. आत्ता एवढंच सांगा: देव चांगलं बी पेरतो आणि ते वाढतं.

जक्कय (लूक १९) बुटका होता, त्याला गर्दीत काही दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. गावात उंबर असेल तर वर्ग त्याच्याखालीच घ्या. मोठ्यांच्या पायांतून काहीच न दिसणं काय असतं, हे तीन फुटांच्या माणसाला सांगावं लागत नाही. येशू वर बघतो आणि त्याचं नाव घेऊन हाक मारतो, या वाक्यावर प्रत्येक लेकराचं नाव घालून हाक मारा.

पाच भाकरी आणि दोन मासळ्या (योहान ६). त्या पोराजवळ जवाच्या भाकरी होत्या. ज्वारीची खरी भाकरी आणा, मोडा, एकमेकांना द्यायला लावा.

शांत झालेलं वादळ (मार्क ४) सांगताना "समुद्र" म्हटलं की आपली लेकरं गोंधळतात. गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचा मोठा तलावच, साधारण एकवीस किलोमीटर लांब. पैठणचा नाथसागर पाहिलेल्या लेकराला "तसं पाणी, काठ लांब" एवढं सांगितलं की पुरतं. चार जणांनी चादरीची टोकं धरून लाटा करायच्या आणि "उगा राहा" म्हटलं की थांबायचं. हा खेळ पुन्हा पुन्हा मागितला जातो.

टाळायच्या किंवा पुढे ढकलायच्या गोष्टी: अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवणं, मिसरातल्या पीडा, खोटं बोलून जागीच मेलेले हनन्या आणि सप्पीरा, प्रकटीकरणातली श्वापदं. नोहाचं तारू सगळेच सांगतात, पण प्राणी, तारू आणि इंद्रधनुष्य एवढ्यावर राहा. कोण कोण बुडालं, हे स्वतःहून सांगू नका. मराठवाड्यातल्या काही वाड्या-वस्त्यांनी पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलं आहे. तिथे ही गोष्ट आणखी जपून.

६. प्रार्थना

डोळे मिटलेच पाहिजेत, हात जोडलेच पाहिजेत, यावर वेळ घालवू नका. लहान वाक्य तुम्ही म्हणा, त्यांनी मागून म्हणावं: "देवबाप्पा, आजच्या भाकरीबद्दल उपकार." "आमच्या आजीला सांभाळ." हळूहळू "तुला आज कशाबद्दल उपकार मानायचे?" असं विचारा. कुणी शेळीबद्दल मानेल, कुणी नव्या चपलांबद्दल. "अशी नाही करायची प्रार्थना" असं कधीच म्हणू नका.

प्रभूची प्रार्थना रोज ऐकून आपोआप पाठ होते. वर्गात एका वेळी एकच ओळ घ्या.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे देवाच्या वतीने हमी देणं. "तू प्रार्थना कर, आजोबा बरे होतील" असं सांगितलं आणि आजोबा गेले, तर लेकरू एक तर देवावर रुसतं, नाही तर आपलीच प्रार्थना कमी पडली असं समजतं. "आजोबांना दुखतंय, आपण देवाला सांगू, देव त्यांच्याजवळ आहे" एवढंच म्हणा.

७. पाठांतर

महिन्याला एक वचन, तेही छोटं. "देव प्रीती आहे" (१ योहान ४:८). "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" (स्तोत्र २३:१). "सर्वदा आनंदित असा" (१ थेस्सलनीका ५:१६). हातवारे जोडले की लवकर बसतं.

पाठांतराला बक्षीस ठेवू नका. ज्या घरात आईला वाचता येतं तिथलंच लेकरू दर वेळी बक्षीस नेतं आणि मजुरीवरून अंधारात परतणाऱ्या बाईचं लेकरू दर वेळी हरतं. सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, सगळ्यांना खाऊ.

८. भीती, पाप, क्रूस, मरण

या चार ठिकाणी नवा शिक्षक अडखळतो, म्हणून इथे सावकाश सांगते.

"देव बघतोय हां, कान कापील", "खोटं बोललास तर नरकात जाशील" ही वाक्यं घरात आजी-आजोबांच्या तोंडी असतात. वर्गात ती येऊ देऊ नका. मोठ्या मुलांना शिस्त लावण्यासाठीही नको. देव बघतो, हे खरंच सांगायचं आहे, पण अंधारात झोपताना धीर यावा म्हणून.

पापाबद्दल: या वयात "चूक झाली, सांगायचं, माफी मागायची, देव माफ करतो, आपणही करायचं" एवढं पुरेसं आहे. एकाने दुसऱ्याचा खडू हिसकावला, तर त्याच क्षणी हा धडा होतो. शिक्षा म्हणून प्रार्थना करायला लावू नका. आणि "कोण कोण येशूचा स्वीकार करणार, हात वर करा" हा प्रकार इथे नको. शेजारच्याने हात वर केला म्हणून सगळे करतात, आणि तुम्ही आनंदाने आकडा लिहून पाठवता. तो आकडा खरा नसतो.

क्रूस टाळायचा नाही, पण रक्ताची चित्रं आणि मोठ्यांसाठीचे सिनेमे लेकरांना दाखवायचे नाहीत. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आठवड्यात दोन-तीन वाक्यांत सांगा: काही माणसांना येशूचा राग आला, त्यांनी त्याला क्रुसावर मारलं, त्याची आई आणि मित्र खूप रडले, आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला जिवंत केलं. शेवटचं वाक्य पुढच्या रविवारसाठी राखून ठेवू नका. लेकरू आठवडाभर मेलेला येशू घेऊन घरी राहील. त्याच बैठकीत कबरेची धोंड लोटा; पुठ्ठ्याची धोंड करून ढकलायला त्यांना फार आवडते.

घरात कुणी गेलं तर "देवाने नेलं" म्हणू नका, लेकराला वाटतं आता देव आईलाही नेईल. "झोपली" म्हणू नका, ते झोपायला घाबरतं. "आजी मेली, तिचं शरीर आता हलत नाही, दुखत नाही, आणि आम्ही विश्वास ठेवतो की ती येशूजवळ आहे" असं सरळ सांगा. त्यानंतर लेकरू खेळायला पळालं तर पळू द्या. दोन दिवसांनी तोच प्रश्न परत येईल, तेव्हा तेच उत्तर द्या.

९. घर आणि गाव

आठवड्यातला अर्धा तास किती पुरणार? अनुवाद ६:७ मध्ये शिकवायच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. पालकांना हेच सांगा, वेगळा अभ्यास देऊ नका. शेतावर जाताना "हे ढग कोणी केले?" हा प्रश्नही शिकवणच आहे.

जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत असलेली घरं आपल्या भागात आहेत, आणि कालपरवा विश्वासात आलेलीही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या घरात आजी देव्हाऱ्यापुढे दिवा लावते किंवा घरात बाबासाहेब आणि बुद्धांची तसबीर असते, आणि तीच आजी लेकराला भरवते, न्हाऊ घालते. म्हणून इतरांच्या देवाधर्माबद्दल वर्गात एकही वाकडा शब्द नको. लेकरू तो जसाच्या तसा घरी नेऊन आजीला ऐकवतं. गणपतीचा मोदक खाऊ का, असं कुणी विचारलं तर "आई-पप्पांना विचार" म्हणा. तो निर्णय घरचा आहे.

१०. हंगाम, सण आणि ऊसतोडीची लेकरं

वर्षाचा आराखडा आपल्या ऋतूंवर बसवा. पेरणीला पेरणाऱ्याचा दाखला, सुगीनंतर उपकारस्तुती (प्रत्येकाने मूठभर धान्य आणायचं), डिसेंबरभर नाताळची एकच गोष्ट. नाताळच्या नाटकात तीन वर्षांच्या लेकरांना संवाद देऊ नका. मेंढरू व्हायला त्यांना येतं. मे महिन्यात वर्ग सकाळी आठच्या आत उरका.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची घरं निघतात आणि उन्हाळ्यात परततात. अर्ध्या वर्गाची चटई रिकामी होते. १७८० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठीच, तेव्हा आपल्या वर्गाने या लेकरांना विसरून चालणार नाही.

निघण्याआधी प्रत्येक लेकराला पुठ्ठ्याची तीन चित्रं द्या: मेंढरू, उंबर, भाकरी. गोष्टी त्याला येतात, चित्र बघून तो कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, आईला सांगेल. आई-वडिलांच्या फोनवर आठवड्याला दोन मिनिटांची गोष्ट आणि गाणं आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. लिहिलेला मेसेज वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. मंडळीच्या ओळखीने कारखान्याच्या जवळ एखादी मंडळी सापडत असेल तर तिथल्या पाळकांना लेकरांची नावं कळवा. हजेरीतून नाव कापू नका. प्रत्येक रविवारी गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करा, आणि परत आल्यावर "किती रविवार चुकले" असं न विचारता, पहिल्या दिवशी गोष्ट त्यांना सांगू द्या.